मावसभाऊ म्हणतो जा, रूममेट म्हणतो नको: सिन्नरच्या कंपनीच्या ऑफरबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, नाशिकच्या अंबडमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं सीएनसीवर (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर) काम केलंय, आणि आता सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतल्या एका मोठ्या कंपनीची ऑफर हातात आहे. मावसभाऊ तिथे बारा वर्षं आहे. तो म्हणतो, डोळे झाकून जा. सिडकोतला तुमचा रूममेट तिथूनच आठ महिन्यांत सोडून आला. तो म्हणतो, चुकूनही जाऊ नको. तुम्ही विचारलंय, यातलं खरं कोण बोलतंय?

दोघंही खरं बोलताहेत. फक्त ते दोघं एका कंपनीत नव्हते. गेट एक असतं, बोर्ड एक असतो, पण आत तीन-चार कंपन्या नांदत असतात. तुमचा मावसभाऊ कायम कामगार आहे. रूममेट ठेकेदाराकडून लागला होता, असं तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहिलंय. माझ्या दृष्टीने तुमच्या अख्ख्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. कंपनी चांगली की वाईट यापेक्षा या गेटच्या आत तुमचं नाव कोणत्या हजेरीपटावर चढणार, कोणत्या खात्यात आणि कोणाच्या हाताखाली, एवढं कळलं तर निम्मं कोडं सुटेल.

माझ्याबद्दल थोडं. सातपूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला लागले, मग पर्सनल खात्यात गेले, आणि आता अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे इथल्या मध्यम कंपन्यांसाठी एचआरचं काम बाहेरून बघते. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाशी शेवटचं बोलणं हा त्यातला मोठा भाग. माणूस कंपनीबद्दल सगळ्यात खरं बोलतो ते राजीनामा मंजूर झाल्यावर, आणि तेही समोरचा फॉर्म बाजूला सारल्यावर. पुढे लिहितेय ते बरंचसं त्या बोलण्यांतून आलेलं आहे. तुमची कंपनी मला ठाऊक नाही आणि तुम्ही नाव लिहिलं नाहीत हे बरंच केलंत. त्यामुळे काही ठिकाणी ‘असं असेल तर असं’ म्हणावं लागेल.

आधी हजेरीपटाचं बघू. कायम कामगार असतात, त्यांची युनियन असते, तीन-साडेतीन वर्षांनी वेतनवाढीचा करार होतो. गेटवर गुलाल उधळला जातो, पेढे वाटतात, दुसऱ्या दिवशी नाशिकच्या पेपरात फोटोसकट आकडा छापून येतो. तो आकडा वाचून सासुरवाडीची माणसं तुम्हाला फोन करतील, पण तुम्हाला तो लागू नसेल. दुसरे फिक्स्ड टर्मवाले: पत्र कंपनीचंच, पण मुदतीचं, एक किंवा तीन वर्षांचं. तिसरे अप्रेंटिस आणि ट्रेनी. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेला मुलगा कायद्याने शिकाऊ असतो, कामगार नसतो. त्याला स्टायपेंड मिळतो, पीएफ नाही, आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नसतं. चौथे ठेकेदाराचे, ज्यांना पगार, रजा, हजेरी सगळं ठेकेदाराकडून मिळतं आणि काम मात्र कंपनीचा सुपरवायझर सांगतो. काही कंपन्यांत या चौघांच्या शर्टाचे रंग वेगळे असतात. काही ठिकाणी कॅन्टीनचे दर वेगळे असतात. एकाच मशीनवर, एकाच शिफ्टला, शेजारी शेजारी उभे राहून एकाला दुसऱ्याच्या तिप्पट पगार असणं हे इथे रोजचं दृश्य आहे. माझ्या टेबलापलीकडे बसून बोललेल्या लोकांची सगळ्यात कडवट तक्रार हीच. पगार कमी आहे असं ते क्वचित म्हणतात. तेच काम करून कमी आहे, असं म्हणतात.

इथे घरच्यांच्या सल्ल्याबद्दलही बोलायला हवं. नाशिकच्या आधीच्या पिढीने चांगली नोकरी बघितली ती तीन ठिकाणी: नाशिकरोडची नोटांची प्रेस, ओझरचं एचएएल (विमानांचा कारखाना) आणि मायको. मायकोचं नाव बदलून बॉश झालं ते २००८ साली, पण चौकाला लोक अजून मायको सर्कलच म्हणतात. अशा कारखान्यांत लागलेल्या माणसाने सिडकोत घर घेतलं, मुलांना इंजिनिअर केलं, निवृत्तीला ग्रॅच्युइटीचा चेक घेऊन आला. ‘कंपनीत लागला’ म्हटलं की वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ते चित्र येतं. ते खोटं नव्हतं. पण त्या दरवाजाने आज फार थोडे आत जातात. म्हणून सल्ला देणारा माणूस कोणत्या साली आणि कोणत्या पत्रावर लागला, हे आधी विचारा आणि मग सल्ला ऐका. तुमचा मावसभाऊ बारा वर्षांपूर्वी ट्रेनी म्हणून लागून कायम झाला असेल. त्याच्यामागून आलेल्या किती ट्रेनींना कायम केलं, हे त्यालाच विचारा. तो प्रामाणिक असेल तर उत्तर द्यायला जरा वेळ घेईल.

आता पैसा. तुम्ही लिहिलंय की आज हातात पंधरा हजार पडतात आणि ऑफरवर वर्षाला २ लाख ६८ हजार आहे, म्हणजे महिन्याला बावीस हजारांच्या वर, जवळजवळ दीडपट. ब्रेकअप, म्हणजे त्या रकमेची फोड, तुम्ही दिलेला नाही, म्हणून नमुन्यादाखल मीच मांडते. समजा ग्रॉस, म्हणजे कापाकापीआधीचा पगार, १८,००० आहे आणि त्यात बेसिक व डीए (महागाई भत्ता) मिळून १५,०००. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्क्यांनी १,८००. ईएसआयचा (कामगार विम्याचा) कंपनीचा वाटा सव्वातीन टक्के, म्हणजे ५८५. बोनस ८.३३ टक्क्यांनी महिन्याला १,२५०. ग्रॅच्युइटीची तरतूद ७२१. बेरीज झाली २२,३५६. बारा महिन्यांचे २ लाख ६८ हजार. हा झाला सीटीसी, म्हणजे तुमच्यावर होणारा कंपनीचा एकूण खर्च. आता हातात काय पडतं ते बघा. अठरा हजारांतून तुमचा पीएफ १,८०० जाणार, ईएसआयचे पाऊण टक्क्याने १३५, व्यवसाय कर २००. उरले १५,८६५. कॅन्टीन आणि बसचे कापत असतील तर त्याहून कमी.

म्हणजे महिनाअखेरीला खिशात आजच्यापेक्षा फार फार तर आठ-नऊशे जास्त. पहिल्या पगाराच्या दिवशी पोरांचा चेहरा उतरतो तो इथे. कोणी फसवलेलं नसतं, कागदावर सगळं असतं, पण ऑफर लेटरचं दुसरं पान कोणी वाचलेलं नसतं. तरी ‘मग कशाला जायचं’ असं लगेच म्हणू नका. पीएफमध्ये तुमचे आणि कंपनीचे मिळून महिन्याला ३,६०० जमा होताहेत, त्यातले साडेबाराशे पेन्शनच्या खात्यात. बोनस दिवाळीला हातात येईल. ईएसआयमुळे सातपूरच्या कामगार रुग्णालयात तुमच्यावर आणि अवलंबून असलेल्या घरच्यांवर उपचार होतील. आजच्या वर्कशॉपमध्ये यातलं काय मिळतं, हे तुम्ही लिहिलं नाहीत. काहीच मिळत नसेल, तर फरक आठशेचा नाही, बराच मोठा आहे. फक्त तो खिशात दिसत नाही आणि रूमचं भाडं त्यातून देता येत नाही.

ओटीचंही विचारून घ्या. कायद्याने ओटी दुप्पट दराने मिळते. त्यामुळे चार तास जादा थांबलात की एका दिवसाचा पगार मिळतो. वरच्या हिशेबात तो साधारण ६९० रुपये होतो. ज्यांच्यावर घराचे हप्ते आहेत ते सुपरवायझरच्या मागे लागून ओटी मागतात, आणि ज्यांची नवीन लग्नं झालीत ते तोंड चुकवतात. एकाच गोष्टीबद्दल आवड आणि तक्रार एकाच लाईनवर ऐकायला मिळते. पण ओटी करून घ्यायची आणि पैसे मागितले की ‘सी-ऑफ (बदली सुट्टी) घे’ म्हणायचं, आणि सी-ऑफ मागितला की ‘आता मन्थ एंड आहे’, हा खेळ जिथे चालतो तिथे माणसं टिकत नाहीत. मावसभावाला नेमकं असं विचारा: मागच्या महिन्याच्या ओटीचे पैसे स्लिपवर वेगळ्या ओळीत आले का?

लोकांना आवडतं काय, ते आता सांगते. यावर कोणी भरभरून बोलत नाही, कारण ते अंगवळणी पडलेलं असतं. सात तारखेच्या आत पगार खात्यात. छोट्या वर्कशॉपमध्ये ‘पार्टीचं पेमेंट आलं की देतो’ ऐकलेल्या माणसाला याची किंमत बरोबर कळते. पगाराची स्लिप मिळते आणि ती बघून बँक कर्ज देते. भर पावसात मोटारसायकल काढावी लागत नाही, बस चौकातून घेऊन जाते. गरम जेवण मिळतं. कॅन्टीनच्या भाजीला नावं ठेवणं हा कामगारांचा हक्काचा विरंगुळा आहे, पण कॅन्टीन बंद करून जेवण भत्ता देऊ म्हटलं की तेच लोक गेटवर उभे राहतात. सेफ्टी शूज, गॉगल, कानातले प्लग मागावे लागत नाहीत, उलट घातले नाहीत म्हणून मेमो मिळतो. आणि एक गोष्ट कोणी फॉर्मवर लिहीत नाही: लग्न जमवताना कंपनीचं नाव सांगता येतं. ‘परमनंट आहे का?’ हा पुढचा प्रश्न येतोच, पण पहिला तरी सुटतो.

मोठ्या कंपनीत शिस्तही आवडते लोकांना, हे मला सुरुवातीला खरं वाटत नसे. पार्ट ठेवायची जागा आखलेली, माप तपासायचं गेज कॅलिब्रेट केलेलं, ड्रॉइंगची शेवटची रिव्हिजन मशीनला लावलेली, रिजेक्शन झालं तर लाल बिनमध्ये. वर्कशॉपमधून आलेला मुलगा पहिले दोन महिने या सगळ्याला वैतागतो आणि नंतर त्याला दुसरीकडचा गोंधळ सहन होत नाही.

आता न आवडण्याकडे. सोडून जाणारा माणूस फॉर्मवर ‘घरगुती कारण’ किंवा ‘बेटर अपॉर्च्युनिटी’ लिहितो. ती वाक्यं मी वाचतसुद्धा नाही. चहा मागवते आणि विचारते, नोकरी सोडायची हे कोणत्या दिवशी ठरलं? दिवस विचारला की माणूस खरं सांगतो, कारण त्याला तो दिवस लख्ख आठवत असतो.

निफाड तालुक्यातला एक व्हीएमसी (उभ्या मिलिंगचं सीएनसी मशीन) ऑपरेटर होता. हात चांगला, रिजेक्शन जवळजवळ नाही, कोणाच्या अध्यात मध्यात नाही. फॉर्मवर घरगुती कारण. दिवस विचारला तर म्हणाला, मार्चमधला. घरी दोन एकर द्राक्षबाग. व्यापाऱ्याने सौदा केला आणि परवा माल तोडायचा म्हणाला. द्राक्षाचं असंच असतं. व्यापारी फिरला किंवा अवकाळी आला की वर्षाची मेहनत मातीत, त्यामुळे तोडणीच्या दिवशी घरातलं माणूस बागेत लागतंच. याने दोन दिवसांची रजा मागितली. खात्यावर रजा शिल्लक होती. सुपरवायझर म्हणाला, मार्च एंड आहे, कोणालाच रजा नाही. हा गेला तो गेलाच. परत आला तेव्हा मशीनवर दुसरा उभा होता. याला डिबरिंगच्या (पार्टच्या कडा घासायच्या) टेबलावर बसवलं, आणि शिफ्टच्या चार्टवर लागोपाठ दोन आठवडे थर्ड, म्हणजे रात्रपाळी. मी त्याला विचारलं, पगार कमी वाटत होता का? तो म्हणाला, ‘पगाराचं काही नाही मॅडम. रजा माझी होती, तीच भीक मागून घ्यायची का?’

या गोष्टीत सगळं आलं. खात्यावर रजा असून न मिळणं, कामावरचा राग माणसावर काढणं, शिफ्टचा चार्ट शिक्षा म्हणून वापरणं. नाशिकच्या आसपासच्या कारखान्यांत निम्मी माणसं शेतीत एक पाय ठेवून असतात. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी, डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लागण, फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षतोडणी. आणि कारखान्याचं वर्ष मार्चला संपतं, म्हणजे टार्गेटची सगळी ओढाताण नेमकी तेव्हाच. ज्या कंपनीतल्या प्लांट हेडला हे कळतं, ती जानेवारीतच लोकांकडून रजेच्या तारखा मागून घेते, गावाप्रमाणे आलटून पालटून सोडते आणि एक-दोन माणसं जादा तयार ठेवते. ज्याला कळत नाही, तो दर मार्चला ‘लोक बेजबाबदार आहेत’ म्हणत बसतो. तुमचं घर शेतीवालं असेल, तर हा मुद्दा तुमच्यासाठी पगाराच्या बरोबरीचा धरा.

सुपरवायझर हा तर स्वतंत्र विषय आहे. ‘माणूस कंपनीत लागतो आणि सुपरवायझरला सोडतो’ असं एचआरवाले नेहमी म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. कारण त्या सुपरवायझरवरही वरून तासातासाला फोन येत असतात आणि त्याला माणसं सांभाळायचं शिक्षण कोणी दिलेलं नसतं. कालपर्यंत चांगला सेटर (मशीनवर जॉब लावून देणारा) होता म्हणून आज त्याच्या हातात चाळीस माणसं दिली. तो मशीनवर ओरडू शकत नाही, माणसांवर ओरडतो. पण कारण समजलं म्हणून शिवी गोड लागत नाही. आईवरून शिव्या देणारा सुपरवायझर एखाद्या खात्यात वर्षानुवर्षं टिकून असेल, तर ते वरच्यांना माहीत आहे आणि चालतंय, असं खुशाल समजा.

शिफ्टबद्दल लोक कमी बोलतात, पण अंगावर जास्त काढतात. ७ ते ३, ३ ते ११ आणि ११ ते ७ अशा फिरत्या शिफ्ट धरल्या, तर तुम्हाला सिडकोतून बस पकडायची, नाशिकरोडवरून सिन्नर फाटा, शिंद्याचा टोलनाका, मोहदरी घाट करत माळेगाव गाठायचं. फर्स्टला पहाटे पाचला उठायचं. सेकंडवरून घरी यायला साडेबारा. आज तुम्ही रूमवरून दहा मिनिटांत कामावर पोचत असाल, तर आठ तासांची नोकरी दहा-साडेदहा तासांची होणार हे धरून चाला. त्यात कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते खणलेले. नाइटचा त्रास ज्याला होतो त्याला पहिल्या तीन महिन्यांत कळतो: दिवसा झोप लागत नाही, ॲसिडिटी सुरू होते, चिडचिड वाढते. काहींना मात्र नाइटच आवडते, कारण साहेब लोक नसतात आणि दिवसा घरची कामं उरकतात. तुम्ही कधी नाइट केली नसेल, तर याचं उत्तर मी देऊ शकत नाही आणि मावसभाऊही नाही.

तुमच्या हातातल्या कलेबद्दल मात्र मला ठामपणे सांगायचंय, कारण तुम्ही त्याचा उल्लेखही केला नाहीत. छोट्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं काढलीत म्हणजे तुम्ही प्रोग्रॅम एडिट केले असणार, ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) टाकले, जॉ (पार्ट धरणारे जबडे) बोअर केले, इन्सर्ट (कापणारं टोक) कुठला लावायचा ते ठरवलं, मालक बाहेर असताना गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग वाचून जॉब सेट केला. मोठ्या कंपनीच्या लाईनवर ऑपरेटर बऱ्याचदा एकच ऑपरेशन करतो. दार उघड, पार्ट काढ, पार्ट लाव, बटण दाब, दर पाचव्या पार्टला गेज लावून रजिस्टरमध्ये आकडा लिही. सायकल टाइम दीड मिनिट, शिफ्टला अमुक नग. ऑफसेटला हात लावायची परवानगी सेटरला. असं तीन वर्षं केलं आणि मुदत संपून बाहेर पडलात, तर बायोडेटावर कंपनीचं नाव मोठं असेल, पण अंबडचा एखादा वर्कशॉपवाला ड्रॉइंग समोर ठेवून म्हणेल, ‘हा जॉब लावून दाखव’, तेव्हा हात अडखळतील. अशी मुलं मी पुष्कळ बघितलीत. दुसऱ्या बाजूने, मोठ्या कंपनीत कंट्रोल प्लॅन (काय, कसं आणि कधी तपासायचं याचा तक्ता), एसपीसी (आकड्यांवरून प्रोसेसवर नजर), पोका-योके (चूक होऊच नये अशी रचना), ग्राहकाचं ऑडिट हे सगळं जवळून दिसतं. तेही वर्कशॉपमध्ये सहसा शिकायला मिळत नाही, आणि पुढे क्वालिटीकडे किंवा प्रोसेस इंजिनिअरिंगकडे जायचं असेल तर तेच उपयोगी पडतं. म्हणून इंटरव्ह्यू घेणाऱ्याला सरळ विचारा: मी ऑपरेटर असणार की सेटर? सेटिंग शिकायला किती महिन्यांनी देता? हा प्रश्न विचारल्यावर कोणी नाराज होत नाही. उलट समोरच्या प्रॉडक्शनवाल्याची नजर बदलते.

बायकांच्या बाजूने एक मुद्दा, तुम्ही विचारला नसला तरी. इथल्या इलेक्ट्रिकल आणि वायरिंगच्या कारखान्यांत असेंब्लीवर मुली मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या आवडी-नावडीची यादी वेगळी निघते: टॉयलेट लाईनपासून किती लांब आहे आणि जायला रिलीव्हर मिळतो का, उभ्याने काम की बसून, बस घराच्या गल्लीपर्यंत सोडते की हायवेवर. पुरुषांच्या फॉर्ममध्ये हे कधीच येत नाही. तुमच्या बहिणीने कधी ऑफर दाखवली, तर तिला हे आधी विचारायला सांगा.

चौकशी कशी करायची? ऑफिसात बसून नाही. शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन अर्धा तास बसा. जाताना माणसं रमतगमत निघतात की पळतात, सुपरवायझर आणि पोरं एकत्र चहा पितात का, एवढं नुसतं बघा. मग तुमच्यासारख्याच पत्रावर लागलेला, एक वर्ष झालेला मुलगा शोधा. ‘कंपनी कशी आहे’ म्हणून विचारू नका, त्यावर ‘चांगली आहे’ हेच ऐकायला मिळतं. शेवटची रजा कधी मागितली आणि मिळाली का, ते विचारा. पार्ट खराब झाला तेव्हा काय झालं, ते विचारा. त्याच्या बॅचचे किती जण अजून आहेत, ते विचारा. रूममेटलाही पुन्हा विचारा, पण राग सोडून: सोडायचं कोणत्या दिवशी ठरवलंस?

कागदावर काय बघायचं तेही सांगते. नियुक्तीपत्र कंपनीच्या लेटरहेडवर आहे की ठेकेदाराच्या? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे, आणि फिक्स्ड टर्मवाल्याला एका वर्षाच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. एरवी त्यासाठी पाच वर्षं लागतात. त्याच कामासाठी कायम माणसाला जे लाभ मिळतात ते मुदतीवाल्यालाही द्यायचे, असंही त्यात आहे. पण मुदत संपली की पत्र आपोआप संपतं, त्यासाठी कामगार-कपातीची भरपाई मिळत नाही. मुदतीआधी सोडलं तर किती नोटीस, बाँड आहे का, तेही बघा. मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले तर देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवून परत आणा.

आता माझं मत विचारलंत तर असं आहे. पत्र कंपनीचं, फिक्स्ड टर्म, मशीन शॉपमध्ये, आणि सेटिंगला वाव असेल, तर जा. वर्षभरात मोठ्या कारखान्याची रीत कळेल, पीएफ सुरू होईल, आणि वय तुमच्या बाजूने आहे. जाताना मनाशी एवढं धरा की हे कायम होण्याचं आश्वासन नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, मुदत संपायची वाट न बघता, पुढचं बघायला लागा. पत्र ठेकेदाराचं असेल आणि ‘सहा महिन्यांत कंपनी रोलवर घेऊ’ हे नुसतं तोंडी असेल, तर दहा मिनिटांच्या अंतरावरची, हातात कला देणारी नोकरी त्यासाठी सोडू नका. त्यापेक्षा आजच्या मालकाकडे पीएफ आणि पगारवाढ मागा. ऑफर लेटर खिशात असताना ते बोलणं सोपं जातं. अंबडमध्ये चांगला सीएनसी सेटर मिळत नाही म्हणून मालक लोक रडतात, हे त्यालाही माहीत आहे.

कोणतंही केलंत तरी जुन्या जागेवरून नीट निघा. लेखी राजीनामा, नोटीस पूर्ण, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला हातात. आज पीएफ कापला जात असेल तर यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा) नंबर जपून ठेवा आणि नव्या कंपनीत तोच द्या. दुसरा काढू देऊ नका, नाहीतर पुढे पैसे एकत्र करताना चपला झिजतात. बँक खात्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षराअक्षराने जुळतंय का, तेही आत्ताच बघून ठेवा.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत: पत्र कोणाच्या लेटरहेडवर आहे, आणि सध्या पीएफ-ईएसआय कापतात का. तेवढं कळवा. नाव-पत्ता खोडून ब्रेकअपचं पान टाकलंत तर आकडे बघून सांगते.